गेरूची मान

फार पूर्वी, माणसं सभा भरवायला शिकली नव्हती तेव्हा, ते काम गेरूतळ्यावरचे करकोचे करत. लांबच्या उड्डाणाआधी ते एकमेकांच्या माना गेरूने रंगवत. आपली चोच आपल्या मानेमागे पोचत नाही. त्यामुळे भांडखोर शेजाऱ्यापुढेही मान वाकवावी लागे.

नवा म्होरक्या धवलराव याने ठराव मांडला, ‘पांढरं तेवढंच सुसंस्कृत.’ तो एकमताने मंजूर झाला, कारण सगळे पाण्यात आपापलं प्रतिबिंब पाहत होते.

एकट्या गेरजाआजी गेरू कालवून बसल्या.

“आजी, कुणी येणार नाही,” धवलराव धापा टाकत म्हणाला. उद्या थवा डोंगर ओलांडून न्यायचा होता, आणि त्याला चार हातही उडवत नव्हतं.

“तू येशील की. मानेमागे जळू आहे तुझ्या. चांगली बाळसेदार झालीय.”

“कधीपासून?”

“ठरावापासून.”

“मग काढली का नाहीत?”

“मान ताठ होती रे तुझी. मी कुठवर पोचणार?”

धवलरावाने मान वाकवली. आजींनी जळू ओढून काढली आणि मानेला गेरू फासला. तोवर मागे रांग लागली होती.

धवलरावाने गेरूत चोच बुडवली. “आजी, आता तुमची मान.”

“घे. पण नीट लाव. मागच्या खेपेला अर्धी कोरडीच ठेवली होतीस.”