आज तार कुठे?

"पण माझं चुकलं काय, ते तरी सांगा!"

निशिकांत खरमाळेचा आवाज चढला होता. आगाशे सर पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

सरांची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं त्यांनी डोंगराळ मुलखात हेलिकॉप्टर उडवलं. अजूनही वाड्यापाड्यांवरून रुग्ण आणायला जाणाऱ्या प्रत्येक नव्या पायलटाला त्यांची सही लागे. निशिकांतला हे काम जिवापाड हवं होतं. त्याचा कागद मात्र दोन दिवस सरांच्या शेजारी कोराच पडून होता.

"चाचणीच्या उड्डाणात उतरण्याआधी वरून फेरी मारली नाहीस," सर म्हणाले.

"गरजच काय? रडार आहे ना! धुरळ्यात हात दिसत नव्हता, तरी फुलासारखं उतरवलं. तार असो, झाड असो, ते आधीच बोंब मारतं. चाचणीत एकदाही वाजलं नाही."

"खाली कोण होतं?"

"एक आजोबा. टॉवेल हलवत होते. स्वागताला."

"काय म्हणाले?"

"...विचारलं नाही."

"परीक्षकांनी विचारलं. तुझ्या चाकापासून दोन हातांवर नुकतीच बुजवलेली विहीर होती. माती अजून भुसभुशीत. त्यांचं पत्र तुझ्या काकूने वाचून दाखवलं मला."

निशिकांत वरमला. पण गडी सहजासहजी हार मानणारा नव्हता.

"विहिरीचं रडार अजून निघालं नाही," तो पुटपुटला.

सर खो खो हसले. काठी घेऊन उठले.

"चल, चहा घेऊ. ही मागच्या पडवीत असेल."

ते अंगणातून झपाझप निघाले. निशिकांत मोबाइलवर त्या रडारची माहिती वाचत मागोमाग. फणसापाशी सर कमरेत वाकले आणि पुढे गेले.

निशिकांत वाकला नाही. कपडे वाळत घालायची तार त्याच्या नाकावर सपकन बसली. धुणं अजून बादलीतच होतं. मोकळी तार उन्हात दिसलीच नव्हती.

"लागलं का रे?"

"सर... तुम्हाला कशी कळली? काठीला?"

"काठी जमिनीवर. तार नाकाशी."

"मग?"

"सकाळी हिला विचारलं. आज तार कुठे बांधलीस?"

"रोज विचारता?"

"ऊन सरकतं तशी ही तार हलवते. कधी दिवसातून दोनदा."

निशिकांत नाक चोळत राहिला. त्याला ते टॉवेल हलवणारे आजोबा आठवले... ते स्वागत नव्हतं, इशारा होता. आणि हेलिकॉप्टरमध्ये एखादी बाळंतीण असती तर?

चहा झाला. सर पुन्हा पायरीवर शेंगा सोलायला बसले. कागदाचा विषय कुणीच काढला नाही. काढायला त्याला तोंडही नव्हतं.

"येतो सर. आधी त्या आजोबांना भेटतो. मग घरी."

"ये."

तो अंगणात उतरला. चार पावलं गेला. थांबला. फणसाकडे पाहिलं, तार दिसली नाही. मग, जराशा संकोचाने, पडवीकडे वळून त्याने हाक मारली.

"काकू, तार आता कुठे आहे?"

"गोठ्याकडे बांधलीय हो! जपून जा!"

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. चेहरा खुलला.

"निशिकांत, मागे फीर. हा शेजारचा कागद दे माझ्या हातात. आणि सही कुठे करायची, तेवढं सांग."