न्हाव्याचा ब्रश आणि गावाचं सुतक

ओढ्याकाठच्या एका गावात एक न्हावी राहायचा. हात असा हलका, की दाढी होता होता माणसाला डुलकी लागावी. जीभ मात्र हातापेक्षा चपळ. वस्तरा चालू असेपर्यंत गप्पाही चालू.

त्याच्याकडे शेळीच्या केसांचा एक ब्रश होता. केस शेळ्या राखणाऱ्या बाईकडून निवडून आणलेले, मूठ त्यानं स्वतः कोरलेली. माणूस भारी नीटनेटका. शेवटची दाढी झाली की ब्रश नुसता झटकायचा, कातड्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी ठेवायचा आणि वादी आवळून बांधायचा. बाहेर पसारा म्हणून नाही.

असा ओला ब्रश रोज बंद धोकटीत जाऊ लागला, आणि पावसाळा सरेपर्यंत त्याला वास येऊ लागला. भिजलेलं घोंगडं आठ दिवस कोपऱ्यात पडावं, तसा. न्हाव्याच्या नाकाला तो रोजचाच झालेला, त्याला पत्ता नाही. गिऱ्हाइकांना होता, पण सांगणार कोण? आधी तोंडभर फेस, मग गळ्यावर वस्तरा. अशा वेळी शहाणा माणूस दुसऱ्याच्या चुका काढत नाही.

"कसं वाटतंय?" न्हावी विचारायचा.

"हं," गिऱ्हाईक श्वास रोखून म्हणायचं. न्हाव्याला वाटायचं, गडी खूश आहे.

मग गावात दाढ्या वाढू लागल्या. सुतारानं दाढी राखायचा नवस बोलला. तेल्याला आधी सोमवार चालेना, मग शनिवार चालेना, मग कुठलाच वार चालेना. कुंभाराला सुतक लागलं. आठवड्यानं वाण्याला लागलं, पाठोपाठ लोहाराला. गावात कुणी मेलं नव्हतं आणि अर्ध्या गावाला सुतक!

एवढं होऊनही न्हाव्याच्या डोक्यात काही शिरेना. शिरलं ते पाटलांच्या मुलीचं लग्न ठरल्यावर. त्या गावची रीत अशी, की नवरदेव मांडवात आला की सगळ्यांदेखत त्याची दाढी गावच्या न्हाव्यानं करायची. हा मान न्हाव्याच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेला. आणि यंदा पाटलांनी म्हणे ओढ्यापलीकडच्या न्हाव्याला सांगितलं होतं.

ओट्यावर धोकटी उघडून न्हावी उदास बसला होता, तेवढ्यात ती शेळ्यावाली बाई शेळ्या हाकत समोरून निघाली. तिला काही दाढी करून घ्यायची नव्हती, त्यामुळे न्हाव्याचं भय नव्हतं. तिनं पदर नाकाला लावला.

"दादा, धोकटीत उंदीर मेलाय व्हय?"

"उंदीर कसला! माझं सामान लख्ख असतंय," म्हणत न्हाव्यानं ब्रश नाकाशी नेला, आणि झटकन हातभर लांब धरला.

"हा तुझ्या शेळीचा वास हाय," तो म्हणाला.

बाईनं शेळी कान धरून पुढं आणली. "घे हुंगून. पावसात माझी शेळी रोज भिजती, पर वाऱ्यावर सुकती. वल्ली शेळी पिशवीत कोंबून मी वादी आवळत न्हाई."

एवढ्यानं ऐकेल तर तो न्हावी कसला? त्यानं अत्तराची कुपी आणून ब्रशवर उपडी केली. दुसऱ्या दिवशी बाईनं ब्रश हुंगला आणि ती पोट धरून हसली. "अगं बया! शेळी नटूनथटून लग्नाला निघाली की!"

आता मात्र न्हाव्यालाही हसू आलं. "मग काय करू, तूच सांग बाई."

"रिठं भिजव. कोमट पाण्यात फेस कर. उकळतं पाणी नगं, केस झडतील. फेस मुळापातूर चोळ, घटकाभर तसाच ठेव, मग सोच्छ धू. पाणी निपट, झटक, आन् वळचणीला उलटा टांग, केस खाली करून. रोज कर, वास जाईस्तवर."

"लग्न पाच दिवसांवर आलंय."

"ते वासाला ठाव न्हाई, दादा."

न्हाव्यानं रोज तसंच केलं. रोज वास थोडा कमी व्हायचा. पाचव्या दिवशी सकाळी तो जवळजवळ गेला होता. जवळजवळच. कुपीत अत्तराचे दोन थेंब उरले होते, कुणाला कळलंही नसतं. न्हाव्यानं कुपी हातात घेतली, पुन्हा फळीवर ठेवली आणि ब्रश वळचणीलाच सोडून तो मांडवात गेला.

"पाटील," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ब्रशला घाण वास येत होता. मी तो ओलाच कोंबून ठेवायचो, चूक माझी. वास अजून पुरता गेला नाही, म्हणून ब्रश घरी ठेवून आलोय. परवानगी असेल तर आज फेस बोटांनीच करतो. नसेल तर पंगतीत वाढायला उभा राहतो."

पाटलांनी महिन्याची दाढी खाजवली. "अरे बाबा, श्वास कोंडून जीव जायची वेळ आली होती आमची!"

"मग बोलला का नाहीत?"

"वस्तरा गळ्यावर असताना?"

सगळा मांडव खो-खो हसला. पाटील म्हणाले, "पलीकडचा आलाय, तो पाहुणा म्हणून जेवून जाईल. जो माणूस एवढ्या लोकांत आपली चूक सांगतो, त्याच्या हातात आमच्या जावयाचा गळा बिनघोर द्यावा." न्हाव्यानं बोटांनी फेस केला, वस्तरा फिरवला, आणि नवरदेवाला भर मांडवात डुलकी लागली.

आठव्या दिवशी ब्रशला फक्त रिठ्याचा वास येत होता. त्याच दिवशी सगळ्या गावाचं सुतक फिटलं.

तेव्हापासून त्याचा ब्रश सगळ्यांना दिसेल असा वळचणीला टांगलेला असतो. आणि दाढीला हात घालण्याआधी न्हावी प्रत्येकाला विचारतो, "काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा. वस्तरा अजून धोकटीत आहे."

तात्पर्य: दोष कोंबून ठेवला की कुजतो, वाऱ्यावर टांगला की जातो, आणि खरं ऐकायचं असेल, तर आधी समोरच्याच्या गळ्यावरचा वस्तरा खाली ठेवावा.