नाकात बोलणारी गिटार

एकदा एक गिटार मुकी होऊन एका वृद्ध कारागिराच्या दुकानात आली. विजेवर वाजणारी गिटार ती. तारा छेडल्या तर शेजारी बसलेल्याला थोडी किणकिण ऐकू येई, पण ॲम्प्लिफायरला जोडली की मौनव्रत. तिला घेऊन आलेले श्रीपतराव एके काळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. आता गुडघे कुरकुरत होते, चष्मा जाड झाला होता. गिटार मात्र त्यांनी धुतलेल्या चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांवर तोलून आणली होती.

त्या गल्लीत पूर्वी फक्त सतारी आणि तंबोरे होत. मग असा काळ आला की गणपतीत, जत्रेत, पतपेढीच्या वाढदिवसालासुद्धा लोकांना ऑर्केस्ट्रा हवा. मैदानात बांबूंचा मंच, लाल-हिरवे दिवे, गाणाऱ्या बाईंच्या साडीवर टिकल्यांचा चमचमाट, आणि निवेदकाने तोंड उघडायच्या आत मागून शिट्ट्या. त्या काळाने या गल्लीत विजेच्या गिटारी आणल्या. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात बसलेल्या आमच्या या कारागिराने त्या उघडल्या, बिघडवल्या, पुन्हा जोडल्या आणि ती विद्याही आपलीशी केली. लोक त्याला वस्ताद म्हणू लागले. पुढे ऑर्केस्ट्रे मोडले. मंचावर आता पेनड्राइव्ह गातो. फार गोड दिवस होते ते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगूनही पटत नाही, म्हणून मी सांगायचे सोडले आहे.

वस्तादांची एक रीत होती. दुरुस्तीला आलेले वाद्य आधी मालकाने वाजवायचे आणि दुकानातल्यांनी हात मांडीवर ठेवून ऐकायचे. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर. वस्तादांच्या शिष्याला ही रीत म्हणजे वेळकाढूपणा वाटे. हाताने तो अतिशय स्वच्छ होता. वायरी सांधायला त्याने दिलेला डाख गुळगुळीत, चकचकीत, बघत राहावे असा. स्वभावाने मात्र जरा उतावळा. नेमके त्या दिवशी वस्ताद भोपळे निवडायला शेजारच्या तालुक्यात गेले होते. दुकान शिष्याच्या हाती.

"परवा बंडाचं वर्षश्राद्ध आहे," श्रीपतराव म्हणाले. "बंडा म्हणजे आमचा ढोलकीवाला. जुनी मंडळी झाडून सगळी येणार. जेवणं झाली की तुम्ही वाजवायचंच, असं वहिनींनी बजावलंय. तेवढं हिला बोलतं करा."

"उद्या या, काका. बोलेल काय, गर्जेल!" शिष्य म्हणाला. मुक्या वाद्याचे काय ऐकायचे, असा विचार करून त्याने लगेच मागची झाकणी उघडली.

दुखणे वरवरचे निघाले. जिथे केबल खोचतात तिथली वायर तुटली होती. ती त्याने जोडली. आवाज कमी-जास्त करणारी बटणे खरखरत होती, ती साफ केली. आता झाकणी लावायची, तोच त्याचे लक्ष आत गेले. अशा गिटारीला दोन पिकअप असतात, तारांचे कंपन टिपणारे. एक मानेकडचा, एक खालचा. प्रत्येकातून दोन वायरी निघतात. एक आवाजाच्या बटणाकडे जाते, दुसरी अर्थिंगला. इथे मानेकडच्या पिकअपच्या दोन्ही वायरी उलट्या जोडलेल्या! डाखही कसला, वाटाण्याएवढा राखाडी गोळा.

"कुणा शहाण्याने केलंय हे!" शिष्य स्वतःशीच हसला. असे जोडले की दोन्ही पिकअप एकदम चालू करताच एकाचा आवाज दुसरा खातो. त्याने तो गोळा वितळवून काढला, वायरी सरळ केल्या, मनासारखा डाख दिला आणि वाजवून पाहिले. भरदार, गोल आवाज दुकानात घुमला. आता वस्ताद आल्यावर पाठ थोपटतील, या आनंदात त्याने दुकान बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद आले आणि त्यांच्या मागोमाग श्रीपतराव. त्यांनी गिटार मांडीवर घेतली. पिकअप निवडायची कळ वर करून वाजवले, चेहरा खुलला. कळ खाली करून वाजवले, मान डोलली. मग कळ मध्ये आणली, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र. एक ओळ वाजवली आणि थांबले. तीच ओळ पुन्हा वाजवली. एक बटण फिरवून पाहिले, दुसरे फिरवून पाहिले. मग तारांवर पंजा ठेवून नुसते बसून राहिले.

"छान झालीय," ते म्हणाले आणि चादर उलगडू लागले. "दणदणीत झालीय. आमचेच कान म्हातारे झाले म्हणायचे."

"थांबा," वस्ताद म्हणाले. "काय शोधत होता?"

"काही नाही हो. कळ मधे आणली की ही नाकात बोलायची. पडसं झाल्यासारखी. खूप वर्षांपूर्वी एका जत्रेत कार्यक्रमाआधीच हिची वायर निघाली. बंडानं रेडिओवाल्याची सोल्डर गन आणली आणि घाईघाईत दिली चिकटवून. तेव्हापासून ही नाकात. मी चिडलो, तर म्हणतो, 'असू दे की रं, आता अंधारात पण कळंल, श्रीपा वाजवतोय.' आणि खरंच कळायला लागलं हो! लोक पहिल्या सुरालाच ओरडायचे." ते हसले, पण हसू अर्ध्यात राहिले. "आता उद्या वाजवीन, पण ते कुणा दुसऱ्याचंच वाजल्यासारखं होईल. असो. बंडाच गेला, तिथं आवाजाचं काय?"

वस्तादांनी शिष्याकडे पाहिले. "वायरी उलट्या होत्या," तो कसाबसा म्हणाला. "मी सरळ केल्या."

वस्तादांनी झाकणी उघडली, कात्री घेतली आणि शिष्याचा तो देखणा डाख कचकन कापून टाकला.

"वस्ताद! बरोबर होतं ते!"

"बरोबरच होतं. आता उलटं जोड."

शिष्याच्या डोळ्यांत पाणीच यायचे बाकी होते. उभ्या आयुष्यात त्याने जाणूनबुजून चुकीचे काम केले नव्हते. सोल्डर गन तापली तसे त्याने हळूच विचारले, "तसाच गोळा करू का?"

"छे! चूक त्याची ठेव. डाख तुझा राहू दे."

शिष्याने वायरी उलट्या जोडल्या. श्रीपतरावांनी कळ मध्ये आणून तीच ओळ वाजवली. आवाज निम्म्याने बारीक झाला, सर्दट झाला, थोडा चिरका झाला. आणि हा गृहस्थ गिटार पोटाशी धरून लहान मुलासारखा खदखदून हसू लागला. हसता हसता चष्मा काढून पुसू लागला.

श्रीपतराव चहाचे सांगायला दुकानाबाहेर गेले तेव्हा वस्ताद शिष्याजवळ बसले.

"बाळ, तुझ्या हाताला मी नावं ठेवणार नाही. तुटलेली वायर त्यांनी आपल्याकडं आणली होती. ती तू जोडलीस, भलं केलंस. पण उलटी वायर त्यांनी आणली नव्हती. ती त्यांच्या घरची होती, आणि तू ती न विचारता उचललीस. तुटलेलं काय आणि वेगळं काय, हे वायरीकडं बघून कळत नसतं. ज्यानं त्या वायरीबरोबर जन्म काढला, त्याला विचारावं लागतं. ही मुकी होती, म्हणून ऐकण्यासारखं काही नाही, असं तुला वाटलं. पण तो माणूस कुठं मुका होता?"

चहा आला, सगळे प्यायले. निघताना श्रीपतराव शिष्याला म्हणाले, "उद्या बंडाकडं जेवायला यायचं. बंडाच्या कामावर हात फिरवलात तुम्ही. नाही म्हणायचं नाही."

शिष्य संकोचत गेला. जेवणे झाली. श्रीपतराव बंडाच्या ओसरीवर गिटार घेऊन बसले, जुनी मंडळी भिंतीला टेकली, विडे फिरू लागले. ऑर्केस्ट्राच्या सगळ्या तालमी पूर्वी याच ओसरीवर होत, असे कुणीतरी शिष्याला सांगत होते. तेवढ्यात श्रीपतरावांनी कळ मध्ये आणली आणि पहिली ओळ वाजवली.

आत स्वयंपाकघरात भांडी आवरणाऱ्या बंडाच्या बायकोची हाक आली, तालमींच्या दिवसांतल्या सवयीची, जरा रागातली, "अहो, हळू वाजवा! पोरं निजलीत!"

श्रीपतरावांचा हात तारांवर थांबला. ती पोरे आता केस पांढरे झालेली, पाहुण्यांना विडे देत तिथेच उभी होती. बाई ओल्या हातांनी दारात आल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. त्या लाजल्या, पदर तोंडाला लावून हसल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. "वाजवा भाऊजी," म्हणाल्या. "आता कितीही मोठ्यानं वाजवा."

श्रीपतराव वाजवू लागले. आपल्या स्वच्छ हाताने आपण काय पुसून टाकायला निघालो होतो, ते शिष्याला तेव्हा कळले. त्याने हात मांडीवर ठेवले आणि तो ऐकत बसला.