समितीवर नसलेला हत्ती

एका राज्यात हत्ती एकच होता, पण हत्तीखात्यात माणसे चाळीस होती. त्यांच्यातला प्रत्यक्ष हत्तीजवळ जाणारा एकटा म्हातारा माहूत चैत्रात वारला. दसऱ्याला राजाची स्वारी हत्तीवरून निघत असे, म्हणून नवा माहूत ताबडतोब नेमावा असा हुकूम सुटला. ताबडतोब म्हणजे सात फेऱ्यांनंतर, हे हुकुमाच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिले होते.

दवंडी ऐकून रानाकडच्या गावातून एक माहूत आला. त्याच्या तीन पिढ्या हत्तीच्या पाठीवरच वाढल्या होत्या. गेल्या साली धन्याचा हत्ती मेला, तेव्हापासून घर बायकोच्या मजुरीवर चालले होते. नदीपलीकडचा एक वखारवाला त्याला लाकडे ओढणाऱ्या हत्तीवर ठेवायला तयार होता. पण राजाची नोकरी ती राजाची नोकरी, म्हणून माहुताने त्याला जरा थांबायला सांगितले.

पहिल्या फेरीत त्याचे नाव-गाव लिहून घेतले. दुसऱ्या फेरीत तेच नाव-गाव दुसऱ्या कारकुनाने लिहून घेतले. तिसऱ्या फेरीत ‘राज्याच्या भरभराटीत माहुताचा वाटा’ या विषयावर लिहायला सांगितले. माहुताने लिहिले, ‘हत्ती वेळेवर निघेल.’ शेजारी एक गुळगुळीत बोलणारा उमेदवार होता. त्याने अकरा पाने भरली आणि त्यांत हत्ती एकदाही आला नाही. कारभारी त्याच्यावर खूश झाले.

दर फेरीनंतर एकच उत्तर मिळे, “घरी जा, निरोप येईल.” घर दोन दिवसांच्या वाटेवर होते.

चौथ्या फेरीला माहुताने धीर करून विचारले, “कारकूनसाहेब, हत्ती कधी दाखवणार?”

“हत्ती कशाला?”

“त्याच्यावरच बसायचंय ना मला!”

“अरे बाबा, नियम नववा. नेमणुकीआधी हत्तीशी ओळख काढणं हा वशिला समजला जाईल.”

“आणि हत्तीला मी आवडलो नाही तर?”

“हत्ती समितीवर नाही,” असे म्हणून कारकुनाने पान लावायला घेतले.

माहूत घरी आला तेव्हा बायको अंगणात सरपण फोडत होती.

“झालं का काम?”

“अजून तीन फेऱ्या आहेत.”

“अहो, एवढ्या फेऱ्या मारल्यावर देवळातला देवसुद्धा पावतो! तुमचे हे कारभारी कुठल्या दगडाचे घडवलेत? आज वखारवाल्याचा माणूस येऊन गेला. दसऱ्यापर्यंत वाट बघतो म्हणाला.”

“आता एवढं केलंय, तर पुरं करू दे की,” माहूत म्हणाला. वाट पाहण्यात जितके जास्त दिवस गेलेले असतात, तितके ते सोडून देणे जड जाते.

सहाव्या फेरीला तो गेला, तेव्हा कारभारी जेवायला गेले होते. समोरच हत्तीखान्याचे दार होते. गजांतून त्याने पाहिले, हत्ती मागचा डावा पाय जमिनीला टेकवत नव्हता. टेकवला की सोंड आवळून घेत होता. माहुताने दोन पहारेकऱ्यांना सांगितले. एक म्हणाला, “माझं काम कुलपाचं.” दुसरा म्हणाला, “माझं काम त्याच्यावर लक्ष ठेवायचं.” हा दुसरा म्हणजे पहिल्या पहारेकऱ्यावर लक्ष ठेवायला नेमलेला होता.

माहूत बाकावर जाऊन बसला. नियम नववा त्याला पाठ होता. आत पाऊल टाकले की पाच महिने पाण्यात, हेही कळत होते. हत्तीने पुन्हा पाय उचलला. माहूत उठला आणि गजांमधून आत शिरला.

हत्तीशी हळू बोलत त्याने त्याला आडवे केले, तळव्यात रुतलेला बोटभर खिळा काढला, पू पिळून जखम धुतली आणि हळद भरली. वळून पाहतो तर दारात कारकून.

“बाद!” कारकून ओरडला. “एकच फेरी राहिली होती रे! काय मिळवलंस आत जाऊन?”

“हा,” माहूत म्हणाला आणि खिळा त्याच्या हातावर ठेवून चालू लागला. घरी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो वखारीत कामाला लागला.

इकडे गुळगुळीत उमेदवार सातही फेऱ्यांत पहिला आला. दसऱ्याला नवे पागोटे बांधून त्याने हत्तीला उठण्याचा हुकूम दिला. हत्तीचा पाय बरा झाला होता, पण हा माणूस त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो उठला नाही. राजा तासभर अंबारीकडे पाहत उभा राहिला आणि शेवटी घोड्यावरून गेला.

मग चौकशी बसली. सातही फेऱ्यांचे कागद तपासले, त्यांत कुठेही चूक सापडली नाही. नेमलेला नवा माहूत निर्दोष, तेव्हा दोष हत्तीचा, असे ठरले आणि हत्ती लिलावात निघाला.

बसून राहणारा हत्ती कोण घेणार? वखारवाला तेवढा आला, आपल्या माहुताला घेऊन. “बघ रे, काही उपयोगाचा आहे का,” तो म्हणाला. माहूत पुढे झाला. हत्तीने सोंडेने त्याचे डोके, खांदे, हात हुंगले आणि चाळीस माणसांच्या देखत तो उठून उभा राहिला.

“अरेच्चा!” कारकून म्हणाला. “याला उठता येतं हे कुठल्याच कागदावर नाही.”

तात्पर्य इतकेच: ज्या कामासाठी माणूस हवा, त्या कामापासूनच उमेदवाराला लांब ठेवले, तर निवड चोख होते आणि काम मात्र बसून राहते.