लाल सुताचा दुधी

गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही. पण तिथे एका कुंपणाच्या अलीकडे एक कल्हईवाला आणि पलीकडे एक विणकर राहत होता, एवढं मात्र सगळे नक्की सांगतात. दोघेही कामसू, दोघांच्याही घरात लहान पोरं, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय नव्हती. ती सवय होती कल्हईवाल्याच्या बायकोला.

तशी बाई वाईट नव्हती. नवऱ्याच्या बरोबरीने भाता मारायची, राखेने भांडी घासून लख्ख करायची. सहा वर्षांची ठकू आणि तीन वर्षांचा बाळ्या, दोघांवर तिचा फार जीव होता. पण विणकरणीचं काही चांगलं झालं की हिच्या पोटात दुखायचं. विणकरणीची मेथी तरारली की हिला जेवण गोड लागत नसे. विणकरणीने घर सारवून भिंतीला गेरूचा पट्टा ओढला, त्या दिवशी हिने पोरांना विनाकारण धपाटे घातले.

त्यातून विणकरीण स्वभावाने चांगली होती. भांडखोर असती तर निदान जळायला कारण तरी मिळालं असतं. गेल्या वर्षी तिने आपण होऊन दुधीच्या बिया चिंधीत बांधून आणून दिल्या होत्या आणि त्या कशा लावायच्या तेही दाखवलं होतं. कल्हईवालीच्या माहेरी कुणी कधी भाजी लावलेली नव्हती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने बिया घेतल्या, यंदा पुढच्या अंगणात लावल्या, मांडव घातला आणि आभार मानायचं विसरून गेली.

त्याच वर्षी कल्हईवाल्याने घराची डागडुजी काढली. गवंड्याला पुढच्या गावी जायचं होतं, त्यामुळे त्याच्याकडे आठच दिवस होते आणि तेवढ्यात घराच्या पुढच्या किंवा मागच्या, एकाच बाजूचं काम होण्यासारखं होतं. नवऱ्याच्या मनात स्वयंपाकघराला खिडकी काढायची होती. तिथे खिडकीच नव्हती. चूल पेटली की धूर कौलांपर्यंत जाऊन परत खाली यायचा. बाळ्या खोकून खोकून लाल व्हायचा आणि ठकू डोळे चोळत भाकरी खायची. मागे टेकडी, पुढे पडवी, एका अंगाला माजघर. म्हणजे खिडकी काढायची तर एकाच भिंतीत, आणि ती भिंत नेमकी विणकरणीच्या भाजीच्या वाफ्यांकडे होती.

"पोरांच्या डोळ्यांकडे तरी बघ," नवरा म्हणाला.

"आणि मी रोज तिचे वाफे बघत भाकऱ्या थापू?" ती म्हणाली. "त्यापेक्षा धूर बरा."

नवऱ्याने दोन दिवस समजावलं, मग सोडून दिलं. आठ दिवसांत गवंड्याने पुढचा ओटा उंच केला, दाराला कमान केली आणि भिंतीला विणकरणीच्या पट्ट्यापेक्षा दुप्पट रुंद पट्टा ओढला. विणकरीण बघायला आली आणि मनापासून म्हणाली की घर फार देखणं झालं. कल्हईवालीला तिचा पडलेला चेहरा बघायचा होता. तो काही बघायला मिळाला नाही, म्हणून तिला आणखीच राग आला.

दोन्ही मांडवांवर दुधी लोंबू लागले. विणकरीण कोवळे कोवळे तोडायची आणि रोजच्या भाजीला वापरायची. पण एक दुधी तिने वेलावर तसाच ठेवला आणि त्याच्या देठाला मागावरच्या लाल सुताचा गोंडा बांधला. दुधी वाढत वाढत केवढा तरी झाला. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून त्याच्याकडे बघू लागले.

कल्हईवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. "दुधीलासुद्धा गोंडा बांधून मिरवते," ती स्वतःशीच म्हणाली. तिने जुन्या लुगड्याचे काठ फाडले आणि आपल्या मांडवावरच्या सहाही दुधींना एकेक गोंडा बांधला. घरात ताकीद दिली की यातला एकही कुणी तोडायचा नाही. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण कल्हईवाल्याच्या घरात राहिलेली बाई, न घासलेली वस्तू तिला बघवेना. ती रोज सकाळी ओल्या फडक्याला राख लावून सहाही दुधी घासू लागली. सालीवरची कोवळी लव निघून गेली आणि दुधी कल्हई केलेल्या तांब्यासारखे चमकू लागले. रस्त्यावरून जाणारा माणूस आता आधी इकडे बघायचा.

पण दुधी वेलावर जून होऊ लागले की वेल नवी फळं धरायचं सोडतो, हे तिला कुठे माहीत होतं? फुलं येईनाशी झाली. घरात चटणी-भाकरी सुरू झाली. आठवडाभराने जेवायच्या वेळी ठकू दिसेना, तेव्हा ती विणकरणीच्या ओट्यावर सापडली, पुढ्यात ताटली घेऊन. आईने दंडाला धरून ओढत घरी आणलं, तशी ठकू रडत म्हणाली, "काकीकडे दुधीची भाजी असते. आपल्याकडे नुसता दुधी असतो."

खरं तर तेव्हाच आईने शहाणं व्हायला हवं होतं. ती झाली नाही. उलट पोरांनाही तिकडचंच गोड लागतं हे तिच्या मनाला फार लागलं. आणि एवढं करूनही विणकरणीचा तो एक दुधी तिच्या सहाही दुधींपेक्षा मोठा होता.

एका दुपारी माग खटक-खटक चालू होता, म्हणजे विणकरीण आत होती. कल्हईवाली विळा घेऊन कुंपणातल्या फटीतून पलीकडे गेली. लाल गोंड्याच्या वर तिने एकदाच विळा ओढला. दुधी धप्पकन वाफ्यात पडला. ती घरी येऊन चुलीपुढे बसली. तिला वाटलं होतं आता बरं वाटेल. थोडा वेळ वाटलंही.

संध्याकाळी विणकरीण दारात आली. तिच्या हातात दोन तुकडे केलेला दुधी होता.

"वहिनी, यंदा आपलं बी गेलं," ती म्हणाली.

"आपलं?"

"एवढा एकच ठेवला होता बियांसाठी. पोरांनी चुकून तोडू नये म्हणून सूत बांधलं होतं. माकडाने तोडला बघा." तिने तुकडा पुढे धरला. आतल्या बिया पांढऱ्या, मऊ, पाणचट होत्या. त्या पेरून काहीच उगवणार नव्हतं. "हे बी माझ्या आईचं. आई गेली, आता तिकडेही कुणी लावत नाही. माझा वेलही आता वाळायला लागला. अर्धं बी तुम्हालाच द्यायचं होतं, गेल्या वर्षी दिलं तसं."

विणकरणीने मांडवाकडे बघितलं आणि तिचा चेहरा थोडा उजळला. ती म्हणाली की बरं झालं तुम्ही सहा राखलेत, ते वाळले की त्यातल्या चार बिया मला द्या. मग दुधीचा एक तुकडा तिने उंबऱ्यावर ठेवला. "थोडा जून झालाय, पण शिजेल. पोरांना भाजी करा."

ती भाजी पोरांनी बोटं चाटून खाल्ली. आईने आपलं ताट तसंच बाजूला सारलं. धुराने डोळ्यांत पाणी आलं असं तिने नवऱ्याला सांगितलं, आणि त्या घरात ते कुणालाही खरं वाटलं असतं.

आता तिच्या मनात एकच गोष्ट होती. सहा दुधी वाळू देत, चार काय चाळीस बिया देईन आणि मोकळी होईन. आपण काय केलं ते सांगायची गरजच पडणार नाही. ती वाट बघू लागली. पण पुढच्या आठवड्यात एका दुधीला हात लावला तर बोट आत गेलं. आतून काळं, वास मारणारं पाणी आलं. रोज घासून घासून सालीला चरे पडले होते आणि त्यातून कूज आत शिरली होती. दुसरा तसाच निघाला, तिसराही. ओट्यापुढच्या मांडवावरचे सगळे सहा दुधी बाहेरून चकचकीत आणि आतून सडलेले होते. तिने ते उकिरड्यावर टाकले आणि तिथेच बसून राहिली. शेजारणीच्या आईचं बी आपण बुडवलं, आणि आता ते परत करायलाही काही उरलं नाही, हे तिला कळून चुकलं.

चार दिवसांनी नवरा स्वयंपाकघरावरची कौलं सारखी करायला वर चढला आणि त्याने वरूनच हाक मारली. दुधीची एक फांदी मांडव सोडून, अख्खं घर ओलांडून तिथवर गेली होती. धुराने काळ्या पडलेल्या कौलांवर एक सातवा दुधी पडला होता. तो कुणाला दिसत नव्हता, म्हणून त्याला कुणी गोंडा बांधला नव्हता आणि कुणी घासलाही नव्हता. खालच्या चुलीच्या उबेने तो कडकडीत वाळला होता. नवऱ्याने तो खाली आणला, ठकूने हलवून बघितला तर तो खुळखुळला.

कल्हईवालीने तो दुधी मांडीवर घेतला. आणि खोटं कशाला सांगू, त्या घडीलाही जुना मत्सर तिच्या मनात डोकावलाच. विणकरणीने सहा दुधी बघितले होते, ते सडून उकिरड्यावर गेले हेही तिने कुंपणावरून बघितलं होतं. हा सातवा तिला माहीतच नव्हता. गप्प बसलं तर पुढच्या वर्षी अख्ख्या गावात त्या बियांच्या दुधीचा मांडव एकाच अंगणात असणार होता. विणकरीण कुंपणापलीकडून बघत राहणार होती. इतकी वर्षं हिला हेच तर हवं होतं.

ती विचार करत होती तेवढ्यात आत बाळ्याला खोकल्याची उबळ आली. तिने जाऊन त्याची पाठ चोळली. पाठ चोळता चोळता तिला वाटलं की आपण दुसऱ्याला दाखवायला काढलेल्या ओट्याची किंमत हे लेकरू रोज मोजतंय, आणि आपण अजून मांडवच मोजतोय.

दुधी घरी फोडला तर आपला हात आखडेल हे ती ओळखून होती. म्हणून तिने तो तसाच अख्खा उचलला आणि विणकरणीच्या ओट्यावर नेऊन ठेवला. माग थांबला. विणकरीण बाहेर आली.

"अक्का, तुमचा दुधी माकडाने नाही तोडला," कल्हईवाली म्हणाली. "मी तोडला. विळ्याने. तुम्ही मिरवताय असं मला वाटलं. हा घ्या, यातलं सगळं बी तुमचं."

विणकरणीने दुधी उचलून छातीशी धरला.

"माझ्या आईचं बी होतं ते," ती म्हणाली. "आज तुम्ही जा."

कल्हईवाली खाली मान घालून परत आली. क्षमा मागितली की ती लगेच मिळतेच असं नाही. पुढचे आठ दिवस कुंपणापलीकडून एक शब्द आला नाही. ठकूला मात्र तिकडे ताटली मिळत होती, पोरांवर राग काढणारी ती बाई नव्हती.

त्या आठ दिवसांत कल्हईवालीने नवऱ्याला सांगितलं की खिडकी काढू या. गवंडी केव्हाच निघून गेला होता. नवऱ्याने स्वतःच पहार घेतली, तिने माती उपसली, पोरांनी ढेकळं वाहिली. भांड्यांना कल्हई लावणारा माणूस, त्याने भिंत कधी फोडली होती? खिडकी एका बाजूला कलली. पण त्या दिवशी चूल पेटवली तेव्हा धूर सरळ बाहेर गेला. बाळ्या भाकरी खाऊन उठला तरी एकदाही खोकला नाही.

खिडकीतून विणकरणीचे वाफे समोर दिसत होते. मेथी, वांगी, माठ. कल्हईवाली त्यांच्याकडे बघत भाकऱ्या थापत होती आणि आपल्याला काहीच टोचत नाही याचं तिला नवल वाटत होतं. इतक्यात वाफ्यात वाकलेली विणकरीण उभी राहिली. दोघींची नजरानजर झाली. विणकरीण हात पुसत भिंतीपाशी आली.

"खिडकी वाकडी झालीय," ती म्हणाली.

"असू दे अक्का. धूर जातो."

विणकरणीने मेथीची एक जुडी खिडकीतून आत दिली. तिच्याबरोबर लाल सुताने बांधलेली एक चिंधी होती. कल्हईवालीने ती सोडली. आत दुधीच्या बिया होत्या, बरोबर अर्ध्या.

ऐकणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: शेजाऱ्याची बाग बघवत नाही म्हणून जो आपल्या घराला खिडकी ठेवत नाही, त्याच्या घरातला धूर शेजाऱ्याला लागत नाही, त्याच्याच लेकरांच्या डोळ्यांत जातो.