निळीचा पट्टा

फार फार वर्षांमागे इटली देशात टेकडीगणिक एक नगर होतं आणि नगरागणिक एक भांडण. कुणाचा मनोरा हातभर उंच, एवढ्यावरूनही तिथे तलवारी निघत. अशीच दोन नगरं एका नदीवर होती. वरच्या नगरात लोकर रंगवणारे रंगारी, खालच्या नगरात बंदर आणि नावाडी. दोन्हीकडचे लोक पाणी एकाच नदीचं पीत, पण एकमेकांचं बरं कुणालाच बघवत नसे.

वरच्या नगरात एक म्हातारा पाटकरी होता. पाणी कुठे वळेल, कुठे अडेल, हे त्याला नदीकडे नुसतं बघून कळे. त्याची एकुलती एक लेक खालच्या नगरात दिलेली होती. दोन नगरांत लढाई जुंपल्यापासून त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्या नगराची एक रीत होती. ज्याचं सोयरं पलीकडे, तो युद्धाच्या कामात खोट काढू लागला, की त्याला फितूर ठरवून त्याच्या दारावर निळीचा पट्टा ओढायचा. मग शेजारी त्याच्याशी बोलत नसत आणि पहारेकरी त्याला तळघरातल्या कोठडीची वाट दाखवत.

एके दिवशी सभेने पाटकऱ्याला बोलावलं. नगरप्रमुख म्हणाला, "नदीला बांध घालतोय. पाट खणून तिला रानात वळवायची. त्यांचं बंदर कोरडं पडेल. पाऊस लागायच्या आत काम उरकायचंय."

पाटकऱ्याने खोदकाम पाहिलं होतं. पाट नदीच्या तळाहून खोल हवा, आणि हे तर कमरेइतकंच खणत होते. पूर आला की पाणी बांधाला थटून मागे फुगणार आणि सखल रंगारी आळीत घुसणार. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, तो हा असा.

"बोला बुवा, काही अडचण?" प्रमुखाने विचारलं. मग हसून म्हणाला, "लेक बरी आहे ना तिकडे?"

सभेत कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्याला आपल्या दारावरचा निळा पट्टा दिसू लागला. "पाट ठीक आहे," तो म्हणाला.

पाऊस लागला तो चार दिवस. नदी फुगली आणि रंगाच्या गटारांतून उलटी आळीत शिरली. माणसं छपरांवर चढली. वरच्या नगरात नाव म्हणून एक नव्हती.

पाचव्या सकाळी तटावरून ओरड झाली. खालच्या नगरातले नावाडी खांद्यावर नावा घेऊन बांध ओलांडत होते.

"कावा आहे," प्रमुख म्हणाला. "नदीकडचं दार उघडायचं नाही. जवळ आले तर बाण सोडा."

पहिली नाव तटाला टेकली. तिच्यातला नावाडी म्हणाला, "बाण मागाहून मारा. आधी दार उघडा, छपरं ढासळायला लागलीत."

पाटकरी तटावरून खाली धावला. तो आतल्या बाजूने गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि दाराचा अडसर ओढू लागला. वर धनुष्य ताणलं गेलं. त्याने मान वर केली नाही. बाण काही सुटला नाही, कारण धनुष्य धरणाऱ्याची आई त्याच आळीत छपरावर होती. अडसर निघाला, नावा आत आल्या. संध्याकाळपर्यंत आळी रिकामी झाली. नऊ माणसं मात्र आधीच वाहून गेली होती.

पाणी ओसरल्यावर सभा भरली. "लेकीच्या मायेनं दार उघडलंत ना?" प्रमुखाने विचारलं.

"नाही," पाटकरी म्हणाला. "पाट उथळ आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या पट्ट्याला भ्यालो आणि खोटं बोललो. त्या नऊ जणांचं पाप माझ्याही माथी आहे. आता खुशाल ओढा पट्टा."

एक रंगारीण उठली. तिचा नवरा त्या नऊ जणांतला होता.

"तेव्हाच बोलला असतात, बुवा," ती म्हणाली, "तर तुमचं एक दार निळं झालं असतं. आमची नऊ घरं राहिली असती."

सभेने पट्ट्याच्या निळीचं मडकं नदीत ओतायला लावलं. ती रीत त्या दिवशी मोडली, पण नऊ चुली पुन्हा पेटल्या नाहीत.

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याला जे नगर फितूर ठरवतं, त्याला बुडवायला शत्रू लागत नाही.