तीन बोटे रुंदीचा पट्टा

अरण्याच्या काठी राहणाऱ्या एका वृद्ध गुरूकडे एकदा एक वनरक्षक रायफलीचा पट्टा शिवून घ्यायला आला. गुरू पूर्वी वनखात्यात नेमबाजी शिकवीत आणि निवृत्तीनंतर चामड्याचे काम करीत. सारे त्यांना उस्ताद म्हणत. हा वनरक्षक त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

तीन वर्षांत त्याने चार पट्टे बदलले होते. खात्याने दिलेला कापडी पट्टा अरुंद, तो खांद्याच्या हाडात रुते. नायलॉनचे दोन घेतले, ते घामाने निसटत. चामड्याचा रुंद घेतला, तर तो पावसात भिजून सैल पडे आणि चालताना रायफल मांडीवर आपटे. ज्यात वजन जाणवणार नाही असा एक पट्टा करून द्या, नाहीतर ही नोकरी आता माझ्याने होणार नाही, असे तो म्हणाला.

उस्तादांनी त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिले. त्यांनी माप घेतले आणि दोन दिवस बसून पट्टा शिवला. खांद्यावर तीन बोटे रुंद, टोकांशी निमुळता. निसटू नये म्हणून चामड्याची खरखरीत बाजू आत. बक्कल असे, की चालताना वाजू नये आणि एका हिसक्यात रायफल हाती यावी. पट्टा हातात घेताना वनरक्षकाला कितीतरी दिवसांनी थोडी आशा वाटली.

पण उस्तादांनी तो रायफलीला जोडलाच नाही. रायफल घरात ठेवली, पट्ट्याची दोन्ही टोके एकमेकांत अडकवली आणि नुसता पट्टा त्याच्या खांद्यावर घालून त्याला ओढ्यापर्यंत जाऊन यायला सांगितले.

वनरक्षकाला हे चमत्कारिक वाटले, तरी तो गेला. परतला तेव्हा त्याने उजवा खांदा डाव्या हाताने दाबून धरला होता.

"रुततो?" उस्तादांनी विचारले.

"रुततो," म्हणून तो खाली बसला. खांद्यावर रायफल नव्हती. आता दोष कशाला द्यावा, हे त्याला सुचेना. मग तो म्हणाला, "उस्ताद, मासूला मी हाक दिली नव्हती."

मासू हा पहाटे मोहफुले वेचायला रानात जाणारा गरीब माणूस. तीन वर्षांपूर्वी त्या रानात बिबट्याने दोघांचा बळी घेतला होता. झुडूप हलले, वनरक्षकाने बार काढला आणि मासू पडला तो उठलाच नाही. आपण दोनदा हाक दिली, उत्तर आले नाही, असा जबाब त्याने चौकशीत दिला. अपघात म्हणून प्रकरण मिटले. हाक दिल्याशिवाय बार काढायचा नाही, हा उस्तादांचा पहिला धडा होता.

उस्तादांनी हातातली चामडे टोचायची आरी खाली ठेवली.

"पट्टा वजन कमी करत नाही," ते म्हणाले. "ते पसरवतो, इतकंच. तू हे एकट्याच्या हाडावर पेललंस. आज त्यातलं थोडं माझ्याकडे आलं. तुझ्या हातात रायफल मीच दिली होती, तेव्हा ते माझंच आहे. पण हलकं वाटावं म्हणून मासूच्या घरी जाऊ नकोस. तुझ्या खोट्याचं ओझं तिथं कुणीतरी तीन वर्षं वाहत असेल. ते काढून घ्यायला जा. तुझं वाढेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मासूच्या अंगणात उभा राहिला. मासूची बायको सुपात धान्य पाखडत होती. त्याने उभ्याउभ्याच सारे सांगितले. ती रडली नाही, की तिने त्याला शिव्याशापही दिले नाहीत. सूप मात्र मांडीवर तसेच राहिले.

"हाक ऐकून गप्प का राहिलास, म्हणून मी रोज त्याच्याशी भांडते," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

मग ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

वनरक्षक बराच वेळ त्या दारासमोर उभा होता. क्षमा मागायची राहिली होती. ती मागण्याचाही आपल्याला अधिकार नाही, हे त्याला तिथेच उमगले. दार न ठोठावता तो वळला आणि खरा जबाब लिहून द्यायला कचेरीच्या वाटेला लागला.